विक्रीच्या आधीचे कष्ट

दुकान सकाळी एक तास लवकर उघडणे आणि रात्री एक तास उशिरा बंद करणे, एवढ्यालाच पुष्कळ व्यापारी जादा परिश्रम समजतात. गिऱ्हाईकच नसेल, तर त्या दोन तासांत वाढते ते केवळ विजेचे बिल. व्यापारात ज्या श्रमांना मोल येते, ते बहुधा निराळ्याच ठिकाणी करावे लागतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे.

मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील नोकरी सोडून ते बेळगावास आले. तेथे बंधू रामूअण्णांसह त्यांचे सायकलींचे दुकान होते. सायकल ही त्या काळी नवलाची वस्तू. ती विकायची तर आधी चालविण्यास शिकवणे भाग होते, आणि दुकानदारानेच ते काम अंगावर घेतले. घेणाऱ्याची हौस आणि त्याची भीती यांमधील अंतर त्याच्यावर सोडून दिले नाही.

खरी कसोटी लागली ती लोखंडी नांगराच्या वेळी. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. दोन वर्षे! कच्चा माल, मजुरी, भट्टीचा कोळसा यांवरील खर्च चालू आणि जमेची बाजू कोरी. बँकेच्या भाषेत याला अडकलेले भांडवल म्हणतात, आणि अशा खात्याकडे कोणताही अधिकारी कपाळाला आठ्या घालूनच पाहतो.

तथापि शेतकऱ्याची शंका सर्वस्वी वेडगळ म्हणता येणार नाही. जमीन हेच त्याचे एकमेव भांडवल. लाकडी नांगर मोडला, तर गावचा सुतार दुरुस्त करी. लोखंडी मोडला, तर जायचे कोठे? अशा गिऱ्हाइकापुढे किंमत कमी करून काय साधणार? जमीन बिघडण्याचे भय असणाऱ्याला नांगर फुकट दिला, तरी तो शेतात घालणार नाही. सवलत हे भावाच्या तक्रारीवरचे औषध आहे. भीतीवर ते चालत नाही. तेथे चिकाटीने समजूत घालणे आणि वस्तू अधिक चांगली करणे, हेच उपाय उरतात. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानाच्या अधिपतींनी साहाय्य केले आणि 1910 मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यानंतरची हकीकत सर्वज्ञात आहे.

आजच्या दुकानात हा प्रसंग वेगळ्या वेषात रोज येतो. गिऱ्हाईक माल पाहते, भाव विचारते, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणते आणि पायऱ्या उतरते. गादीवरची नवी पिढी लगेच अनुमान काढते, की ऑनलाइन स्वस्त मिळत असणार. कित्येकदा अडचण दुसरीच असते: बसवून कोण देणार, बिघडले तर कोण येणार, रंग पसंत न पडल्यास परत घेणार काय? भाव जमला नाही, हे उत्तर देणाऱ्यालाही सोयीचे आणि ऐकणाऱ्यालाही.

उधारीवाल्यांची नावे चोपडीत नीट लिहिलेली असतात. रिकाम्या हाताने परतलेल्यांची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवतो. येत्या दिवाळीला नवी वही पुजली जाईल, तेव्हा तिच्यातील शेवटची चार पाने त्यांच्यासाठी राखून ठेवावीत. नाव, पाहिलेली वस्तू, जाताना उच्चारलेले शब्द. आणि शेजारी एक कोरा रकाना, दुसऱ्या दिवशी स्वतः मालकाने विचारपूस करून भरण्याचा.