पिशवीच्या कागदावर अंगठा उमटवण्याआधी

दसरा तोंडावर आला आहे. उचली वाटून झाल्या, ट्रॅक्टर ठरले. दिवाळीच्या आगेमागे बीडच्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर निघतील. "जायच्या आधी पिशवी काढून टाकू, हंगामात कटकट नको" हे घराघरांत याच दिवसांत ठरतं. म्हणून बायांनो, आज थांबा.

२०१९ साली सरकारनेच विधिमंडळात सांगितलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भपिशव्या काढल्या गेल्या. पुढे चौकशी समितीने ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी निघालेली होती. सहांतली एक! एवढ्या बायांना एकदम असा कोणता आजार झाला होता? पाळीचं दुखणं आणि बुडणारा रोज, अनेकींचा आजार एवढाच.

पाळीत दुखतं ते का, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पिशवीच्या आत दर महिन्याला एक अस्तर तयार होतं. दिवस राहिले नाहीत की ते गळतं आणि बाहेर टाकायला पिशवी स्वतःला आवळते. तिला आवळायला लावणारं द्रव्य अंगात जास्त झालं की ओटीपोटात कळा येतात, कंबर धरते, कधी मळमळ, जुलाब होतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत हे ओसरतं. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडची गोळी हे द्रव्य तयार होणंच कमी करते. म्हणून ती कळ सुरू होताच घ्यायची, असह्य होईपर्यंत वाट पाहायची नाही. मात्र पोटात काहीतरी घालून. पहाटे चारला नुसत्या चहावर फडात उतरणारीला हे सांगणं सोपं आहे, हे मलाही कळतं. तरी रात्रीची अर्धी भाकर बांधून ठेवा. दमा, पोटात व्रण किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी नको. पोट शेकल्यानेही आराम पडतो.

दुखणं पाळीच्या बऱ्याच आधीपासून येत असेल, वर्षागणिक वाढत असेल, नवऱ्याजवळ जाताना किंवा शौचाला बसताना कळ येत असेल, तर ते अंगावर काढू नका, तपासून घ्या. आतल्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढलेला असू शकतो, गाठ असू शकते. अंगावरून पांढरं जाणं, घाण वास, ताप ही बहुधा जंतुसंसर्गाची खूण. फडावर ना आडोसा, ना पाणी, ना कापड वाळवायला ऊन, मग दुसरं काय होणार? हा संसर्ग बहुतेक वेळा गोळ्यांनी बरा होतो. पुष्कळदा नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. तासाला एक पॅड भिजत असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

"काढली नाही तर कॅन्सर होईल," असं कुणी म्हणालं, तर कोणत्या तपासणीत दिसलं ते विचारा आणि रिपोर्ट हातात घ्या. पिशवीतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. काहींना शस्त्रक्रिया खरंच लागते, पण तो शेवटचा उपाय. पंचविशी-तिशीत पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर पाळी जाण्याचं वय त्याच दिवशी येतं: अंगाची आग, हाडं ठिसूळ. त्या अंगाने मोळी उचलायची कशी? वर शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतूनच.

जाण्यापूर्वी एक दिवस ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाला द्या. सरकारी आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. बीडमध्ये खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावलेली आहे. ती घेतली का, हे बेधडक विचारा. ताईंना हे बोलायला संकोच वाटत असेल, तर दादांनी विचारावं.

आणि मुकादमदादा, पाळीच्या दोन दिवसांचा खाडा लावू नका. त्या खाड्याच्या भीतीनेच पिशवी टेबलावर जाते.

तपासणीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिठाच्या डब्यात ठेवा. कोपीत पाऊस शिरला तरी तिथे ते भिजणार नाहीत, आणि तिकडचा डॉक्टर पहिल्यांदा तेच मागेल.