पोरांच्या विमानाला जागा द्या



ऊस विकास विभागाच्या पानावर एरवी बेणे, लागण, खोडवा, पाचट आणि माती परीक्षण हेच विषय असतात. या वेळचा विषय निराळा आहे, पण परका नाही. आपल्या बारामती-इंदापूर भागात काही शेतकऱ्यांच्या घरी पोरे लहान विमाने बनवू लागली आहेत. थर्माकोलची किंवा फोमची पाटी कापायची, बांबूच्या कामटीने पंखाला ताठपणा आणायचा, बारकी मोटर, बॅटरी आणि रिसीव्हर बसवायचा आणि हातातल्या रिमोटवर ते आभाळात धाडायचे. पोरे यासाठी राती जागवतात आणि खाऊचे पैसे साठवून सुटे भाग मागवतात.

यावर गावात दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक म्हणजे, "हे रिकामटेकड्याचे धंदे, त्यापेक्षा दारे धरायला ये." दुसरे म्हणजे नुसते कौतुक. मोबाईलवर चित्रफीत काढायची, चार जणांना पाठवायची आणि विसरून जायचे. आम्हाला ही दोन्ही बोलणी पटत नाहीत. घरी बनवलेल्या विमानाचे पहिले उड्डाण ही पोरखेळाची बाब नाही. ते नीट केले तर पोरगा शहाणा होतो आणि आडमुठेपणाने केले तर कुणाचे डोके फुटते किंवा कुणाचा ऊस पेटतो. म्हणून या कामाला मोकळी जागा, जाणता माणूस आणि शिस्त मिळाली पाहिजे आणि ती देण्यात आपल्या संस्थेने पुढाकार घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम ही परंपरा आपलीच कशी, ते पाहू. इंदापूर तालुक्यात निरेकाठी वालचंदनगर आहे. सोलापूरला जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी तिथे १९३० च्या दशकात साखर कारखाना उभा केला. तो खासगी, आपला सहकारी, हा भेद आहेच. पण याच वालचंद शेठनी डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला म्हैसूर सरकारच्या साथीने हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानाचा कारखाना काढला, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. उसाच्या कांड्यातून साखर काढणाऱ्या माणसानेच देशात विमानाचा कारखाना घातला. त्या कारखान्यात १९४१ मध्ये पहिल्यांदा जोडून उडवलेले विमान हार्लो जातीचे होते आणि ते शिकाऊ वैमानिकांसाठीचे, म्हणजे ट्रेनर होते. पुढे तिथेच डॉ. विष्णु माधव घाटगे या मराठी अभियंत्याच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे दोन माणसांचे ट्रेनर विमान आखले गेले. ऑगस्ट १९५१ मध्ये त्याचे पहिले चाचणी उड्डाण झाले आणि मग हवाई दलाची पोरे त्यावर उडायला शिकली. लढाऊ विमानाची घाई न करता आधी शिकण्याचे विमान केले, यातच सारे आले.

आपली पोरे जे करतात तेही ट्रेनरच. असे विमान मुद्दाम सोशिक ठेवलेले असते. पंख अंगाच्या वर बसवलेला, दोन्ही टोकांकडे किंचित उचललेला आणि रुंद असतो. त्यामुळे विमान कलले तरी आपणहून सरळ व्हायला बघते आणि कमी वेगातही तरंगते. नवशिक्याला गरीब बैल द्यावा, तसाच हा प्रकार. पण बैल गरीब असला म्हणून जू उलटे घालून चालत नाही. खरी परीक्षा विमान हातातून सुटण्याच्या आधीच होते.

पहिली गोष्ट वजनाच्या तोलाची. आपल्यापैकी ज्यांनी बैलगाडीने ऊस वाहिला आहे, त्यांना हे पुस्तकाविना कळेल. गाडी मागे जादा भरली की उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलते. पुढे जादा भरली की सारे ओझे बैलांच्या मानेवर येते. विमानाचेही तसेच. साध्या ट्रेनरचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यात यावा लागतो. पंखाची रुंदी २० सेंटिमीटर असेल तर पुढच्या कडेपासून ५ ते साडेसहा सेंटिमीटरवर. त्या जागी दोन बोटांवर विमान उचलून धरायचे. नाक जरा खाली झुकले तर चालेल, शेपूट खाली गेले तर उडवायचे नाही. नाक जड असले तर विमान आळशीपणाने का होईना सांगितलेले ऐकते. शेपूट जड असले तर ते कुणाचेच ऐकत नाही. बॅटरी पुढेमागे सरकवली की हा तोल साधतो, त्याला एक पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट झडपांच्या दिशेची. रिमोटची दांडी उजवीकडे केली तर उजव्या पंखाची झडप वर आणि डाव्याची खाली गेली पाहिजे. दांडी आपल्याकडे ओढली तर शेपटाची आडवी झडप वर उचलली पाहिजे. एक तार उलटी लागली तर विमान जमीन सोडताच उलट्या बाजूला कलते, पोरगा घाबरून आणखी दाबतो आणि खेळ संपतो. हे विमानाच्या मागे उभे राहून, मोटर बंद ठेवून, दोघांनी मिळून तपासायचे. एकाने बोलायचे, दुसऱ्याने बघायचे.

तिसरी गोष्ट रिमोटच्या पल्ल्याची. रिमोटमध्ये कमी ताकदीची तपासणीची सोय असते. ती लावून, सोबतच्या पुस्तिकेत दिले असेल तेवढे अंतर चालत जायचे आणि झडपा ऐकतात का ते बघायचे. हे एकदा मोटर बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून. मग रिमोट मुद्दाम बंद करून बघायचे. संपर्क तुटताच मोटर आपोआप थांबली पाहिजे. ज्याची मोटर थांबत नाही, ते विमान त्या दिवशी घरी न्यायचे. मोटर चालू असताना विमान दुसऱ्याने मागून घट्ट धरायचे आणि प्रोपेलरच्या समोर किंवा बाजूला कुणी उभे राहायचे नाही. तो बोट तोडतो, त्याला बारका समजू नये.

इतके झाल्यावर उड्डाण. सकाळची वेळ, वारा जवळजवळ नाही आणि असलाच तर विमानाचे तोंड वाऱ्याकडे. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये उन्ह तापले की शिवारात वावटळी उठतात आणि जून-जुलैत वारा सुटतो. म्हणून उन्हाळ्यात आठच्या आत काम उरकावे. पहिल्या खेपेला रिमोट बनवणाऱ्याच्या हाती नव्हे, आधी उडवलेल्याच्या हाती असावा. दोन रिमोट जोडून गुरू-शिष्याने मिळून उडवण्याचीही सोय असते. भरपूर उंची घ्यावी, मगच विमान सरळ जाते की एका अंगाला ओढते ते बघून दुरुस्ती करावी. उतरण्याआधी उंचीवरच मोटर कमी करून विमान कुठल्या वेगाला डुबकी मारते ते अजमावून घ्यावे. जमिनीजवळ ते कळण्यात काही फायदा नाही. पहिले उड्डाण पाच मिनिटांत संपवावे आणि खाली आल्यावर वहीत लिहावे. वजन किती, तोल कुठे, वारा कसा, काय बदलले.

या वहीवर आमचा सर्वांत जास्त जोर आहे, त्याचे कारण सांगतो. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले, अशी कथा आपण ऐकतो आणि अभिमानाने पुढे सांगतो. पण किती वजन होते, किती वेळ उडाले, याची त्या वेळची विश्वासार्ह नोंद मिळत नाही. ज्या वैमानिक शास्त्राचा दाखला अशा गप्पांत दिला जातो, त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. उलट अमेरिकेतल्या राइट बंधूंनी १९०० पासून तीन वर्षे बिनइंजिनाची विमाने उडवून बघितली, आकडे लिहिले आणि १७ डिसेंबर १९०३ ला त्यांचे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे, १२० फुटांचे झाले. बारा सेकंद म्हणजे काय, तोंडातली सुपारी फुटत नाही. पण आकडा लिहिलेला होता, म्हणून जगाने मानला.

आपल्याकडे अलीकडचे उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचे. या मराठी वैमानिकाने मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले. पण विमानाची नोंदणी व्हायला २०१७ उजाडले, उडवण्याची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि धुळ्याच्या धावपट्टीवर २०२० मध्ये चाचणी उड्डाण झाले. विमान बांधायला गच्ची पुरली, चाचणीला धावपट्टीच लागली. हाच आमचा मुद्दा. बनवण्याची हौस माणूस घरात भागवतो, चाचणीची सोय मात्र समाजाने द्यावी लागते.

आता कुणी म्हणेल, याचा उसाशी संबंध काय? आहे, आणि जवळचा आहे. को ८६०३२ ही जात आज आपल्या घरातली झाली आहे. १९९६ साली तिची शिफारस झाली, त्याआधी पाडेगावच्या संशोधन केंद्राने तिला वर्षानुवर्षे लागणीत आणि खोडव्यात पारखले होते. तरीही आपल्यातले काही जण अजून पाहुण्याच्या गावची नवी जात ऐकतात, ट्रॉलीभर बेणे आणतात आणि एकदम दोन एकर लावून मोकळे होतात. खताच्या बाटलीचे तेच, कुणी गाडी घेऊन आला की सगळ्या रानाला. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! चार सऱ्या नव्या, चार सऱ्या जुन्या, दोन्हींचे वजन वेगळे, एवढे केले तर कुणाच्या सल्ल्याची गरज उरत नाही. ज्या पोराला तोल बघितल्याशिवाय विमान सोडायचे नाही हे हाताने कळले, तो उद्या बापाला विचारील, "अण्णा, आधी पाच गुंठ्यांत बघितलं का?" हा प्रश्न घरात यावा म्हणूनही आम्हाला ही विमाने हवी आहेत.

शिवाय ड्रोनने फवारणी आता आपल्या शिवारात आली आहे. सहा-सात महिन्यांचा ऊस झाला की पाठीवर पंप घेऊन आत शिरता येत नाही, तिथे ड्रोनच चालतो. तो बिघडला की पुण्याला पाठवायचा का? मोटर, बॅटरी आणि रिसीव्हर यांची भाषा गावातल्या पोराला यायला हवी.

राहिला धोक्याचा आणि कायद्याचा प्रश्न. विमान पडले की काय होते ते या परिसराने पाहिले आहे, त्यावर जादा लिहायला नको. बारामतीचा विमानतळ आपल्या उशालाच आहे आणि शिकाऊ विमाने डोक्यावरून घिरट्या घालतात. केंद्र सरकारचे २०२१ चे ड्रोन नियम आपल्या या लहान विमानांनाही लागू आहेत. त्यांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवायचे नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे ४०० फुटांपर्यंत मुभा आहे, तीही सरकारच्या नकाशावर तो पट्टा हिरवा असेल तरच. विमान सतत डोळ्यांसमोर राहिले पाहिजे. तेव्हा कटफळ-गोजुबावीकडच्या पोरांनी आपल्या माळावर उडवूच नये. दूरच्या गावांनीही आधी नकाशा आणि नोंदणीचे नियम पाहावेत.

दुसरा धोका पाचटाचा. या विमानांतली लिथियम बॅटरी आपटून फुटली तर पेट घेते. तोडणी झालेल्या फडात वाळलेले पाचट आणि बांधापलीकडे शेजाऱ्याचा उभा ऊस, तिथे विमान उडवणे म्हणजे काडी हातात घेऊन फिरणे. विजेच्या तारा आणि रस्त्याची वर्दळ हेही आहेच. मोकळी जागा नाही म्हणून पोरे फडात जातात आणि फडात जातात म्हणून बोलणी खातात. नुसती बंदी घातली तर ती लांबच्या फडात जातील, एवढेच होईल.

म्हणून आमची सूचना अशी. हंगाम संपला की कारखान्याचा गाडीतळ रिकामा पडतो. सरकारी नकाशात बसत असेल, तर एप्रिल-मे मध्ये रविवारी सकाळी सहा ते आठ तो पोरांना द्यावा. नकाशात बसत नसेल, तर कार्यक्षेत्रातला दूरचा गायरान माळ ग्रामपंचायतीच्या संमतीने पाहावा. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला किंवा तंत्रनिकेतनातला एक जाणता शिक्षक तिथे असावा. वाळूच्या दोन बादल्या, प्रथमोपचाराची पेटी आणि एक नोंदवही, एवढ्यावर काम भागते. तोल, झडपा आणि पल्ला या तिन्ही तपासण्या वहीत लिहिल्याशिवाय विमान जमीन सोडणार नाही, हा एकच कडक नियम. मुलींनाही बोलवावे, ही जागा फक्त मुलग्यांची नव्हे.

यावर संचालक मंडळाने विचार करावा आणि सभासदांनी वार्षिक सभेत आपले मत मांडावे. विरोध असेल तर तोही मांडावा, आम्ही ऐकून घेऊ. पण आपल्या पोराने बनवलेल्या वस्तूची चाचणी नीट जागी, चार मोठ्या माणसांदेखत होऊ द्यायची की बांधाआड चोरून, हे ठरवण्याची वेळ आली आहे. येत्या उन्हाळ्याच्या आत ठरले तर बरे.

— ऊस विकास अधिकारी