दीड हजार मीटरचा हिशेब

जलतरणाच्या बातम्यांत पन्नास व शंभर मीटरच्या शर्यतींना जी जागा मिळते, ती दीड हजार मीटरच्या फ्रीस्टाइलला क्वचितच मिळते. तलावाच्या तीस फेऱ्या, एकोणतीस वळणे आणि सुमारे पंधरा मिनिटे एकसुरी हात मारणे, यात पाहण्याजोगे काय आहे, असे प्रेक्षकाला वाटावे हे स्वाभाविकच आहे. मग अखेरच्या फेरीत कोणी मुसंडी मारली तर तेवढीच लोकांच्या लक्षात राहते. टोकिओ ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२१ रोजी नेमके हेच घडले. अमेरिकेचा बॉबी फिंक शेवटच्या वळणापर्यंत मागे होता. अखेरचे पन्नास मीटर त्याने २५.७८ सेकंदांत कापले आणि १४ मिनिटे ३९.६५ सेकंदांत सुवर्णपदक मिळविले. त्याच शर्यतीत त्याची दर फेरीची सरासरी २९.३ सेकंदांची होती.

या मुसंडीचे कौतुक झाले, पण तिचा हिशेब फारसा कोणी मांडला नाही. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो मोडून काढण्यास लागणारी शक्ती साधारणतः घनाच्या प्रमाणात. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर जवळजवळ एक तृतीयांश शक्ती अधिक खर्ची पडते. त्यामुळे आरंभापासून अखेरपर्यंत सारख्या गतीने पोहणे हेच सर्वांत स्वस्त. लांब पल्ल्याच्या जलतरणपटूचे सारे तंत्र याच काटकसरीवर उभे आहे. तो कोपर उंच ठेवून पुढचा हात वल्ह्यासारखा मागे ओढतो. पायांचे मोठे स्नायू प्राणवायू फार खातात. म्हणून पल्लेदार जलतरणपटूंपैकी अनेक जण हातांच्या एका आवर्तनाला पायांचे दोनच फटके मारतात. सहा फटक्यांची चैन शेवटासाठी राखून ठेवलेली असते.

या दृष्टीने पाहता टोकिओतील मुसंडी म्हणजे वेळीच न खर्चलेली शिल्लक होती. ती फळाला आली, कारण बाकीच्यांनीही हात आखडता घेतला होता. विजेत्याची वेळ चीनच्या सुन यांगने २०१२ साली लंडनमध्ये केलेल्या १४ मिनिटे ३१.०२ सेकंदांच्या विक्रमाहून साडेआठ सेकंदांनी अधिक होती. (सुन यांगवर पुढे उत्तेजकविरोधी नियमांच्या भंगाबद्दल बंदी आली, हा भाग निराळा.)

फिंकला शेवटच्या फेरीत गाठणे अशक्य, हे उमगल्यावर प्रतिस्पर्ध्यांपुढे एकच मार्ग उरला: शेवटच्या फेरीपूर्वीच शर्यत संपवायची. इटलीच्या ग्रेगोरिओ पाल्त्रिनिएरीने २०२२ साली बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो चोखाळला. अगदी कडेच्या मार्गिकेतून तो पहिल्यापासून असा सुटला की अखेरीस मुसंडीला अर्थच उरला नाही. त्याची वेळ १४ मिनिटे ३२.८० सेकंद, फिंक जवळजवळ चार सेकंदांनी मागे राहिला. पुढच्या वर्षी फुकुओकात ट्युनिशियाच्या अहमद हफ्नावीने १४ मिनिटे ३१.५४ सेकंदांत त्याला हरविले. अंतर होते पाच शतांश सेकंदांचे. फिंक टोकिओपेक्षा आठ सेकंद वेगाने पोहला होता, आणि तरीही दुसराच आला.

स्पर्धा म्हणजे दुसऱ्याला बाजूस सारणे, एवढाच तिचा अर्थ आपल्याकडे परीक्षेपासून नोकरीपर्यंत रूढ झाला आहे. येथे मात्र हरविणाऱ्यांनीच हरलेल्याच्या चुकीवर नेमके बोट ठेवले. ते त्याने मानले, यात त्याचे मोठेपण. एकदा सुवर्ण देऊन गेलेली रीत सोडणे कोणालाही सोपे नसते.

४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये फिंकने आरंभापासूनच आघाडी घेतली. सुन यांगच्या विक्रमी शर्यतीचा शेवट फार वेगवान असल्यामुळे त्या विक्रमाला गाठायचे तर अखेरच्या वळणापूर्वीच त्याच्या पुढे असणे भाग होते. फिंक तसा पुढे होता. १४ मिनिटे ३०.६७ सेकंद हा नवा विश्वविक्रम झाला. पॅरिसच्या तलावात त्याच्यामागे दुसरा आला तो पाल्त्रिनिएरी. २०१६ साली रिओत त्याला १४ मिनिटे ३४.५७ सेकंदांत सुवर्ण मिळाले होते. पॅरिसमध्ये तो १४ मिनिटे ३४.५५ सेकंदांत पोहला, आणि त्याच्या गळ्यात रौप्यपदक पडले.