हंगाम संपला, पगार कुठे?

के. आर. पुरमच्या दूरवाणीनगरात आय.टी.आय.चा टेलिफोन कारखाना १९४८ साली उभा राहिला. या कारखान्याचा फुटबॉल संघ होता, तसाच तिकडे एच.ए.एल.चाही होता. मैदानावर नाव काढलेल्या मुलाला बंगळूरच्या अशा कारखान्यांत नोकरी मिळे. सकाळी काम, दुपारी सरावाची सवलत, सामन्यांच्या दिवसांत रजा. स्पर्धा संपली तरी हजेरीपटावरचे नाव कायम राही. गुडघा दुखावला तर औषधपाणी होई, निवृत्तीला भविष्यनिर्वाह निधी हाती येई. खात्यातले सहकारी कुरकुरत, की हा खेळायला जातो आणि याचे काम आम्ही ओढतो. ती कुरकुर अगदीच खोटी होती असे नाही. परंतु खेळाडू हा आपल्याच वेतन कराराखालचा कामगार आहे, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

आता लीगचा जमाना आहे. खेळाडू व्यावसायिक झाला, त्याला बाजारात भाव आला, असे आपल्याला सांगण्यात येते. हा भाव कसा मिळतो, हे हॉकीच्या एका हंगामावरून पाहू.

२९ फेब्रुवारी ते २ एप्रिल २०१२ या काळात ‘वर्ल्ड सिरीज हॉकी’ झाली. आठ संघ, एकूण ५९ सामने. कर्नाटक लायन्स, पुणे स्ट्रायकर्स, मुंबई मरीन्स अशी नावे. अंतिम सामन्यात शेर-ए-पंजाबने पुण्याला हरवले. साखळीतच प्रत्येक संघाला १४ सामने, तेही गावोगाव प्रवास करीत. एखाद्या कारखान्याने हा वेग लावला असता तर आपण दुसऱ्या दिवशी जादा कामाच्या मोबदल्याची मागणी घेऊन व्यवस्थापनाच्या दारात उभे राहिलो असतो.

देशात तेव्हा हॉकीच्या दोन संघटनांचे भांडण चालू होते. एकीने एका व्यापारी कंपनीबरोबर ही स्पर्धा भरवली, दुसरीला आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता होती. त्या महासंघाने या स्पर्धेला मान्यता दिली नाही. म्हणजे पैसे घ्यायचे की भारतीय संघातली जागा सांभाळायची, हा पेच खेळाडूच्या गळ्यात. भांडण दोन व्यवस्थापनांचे, जोखीम मात्र कामगाराची! पुढे मानधन थकल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून आल्या. दुसरा हंगाम जाहीर झाला, लांबणीवर पडला आणि कधीच झाला नाही.

तरीही बरेचसे खेळाडू तगले. का? त्यांची रेल्वेत, एअर इंडियात, तेल कंपन्यांत नोकरी होती. महिन्याचा पगार तिथून येत होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला धनराज पिल्ले आधी महिंद्र आणि मग इंडियन एअरलाइन्सच्या नोकरीत राहूनच जगभर खेळला. ज्यांच्यामागे अशी नोकरी नव्हती, त्यांचे नाव कुणी छापले नाही.

पुढची ‘हॉकी इंडिया लीग’ २०१३ ला सुरू झाली, २०१७ नंतर बंद पडली आणि पुन्हा उभी राहिली ती डिसेंबर २०२४ मध्ये. लीगवर पोट भरायचे म्हणणाऱ्याने मधली सात वर्षे काय करायचे? हॉकीपटूचे उमेदीचे वय तरी दहा-बारा वर्षांहून किती मोठे असते?

महाराष्ट्रातल्या वाचकाला ‘हंगाम’ म्हटले की साखर कारखाना आठवेल. गाळप संपले की तिथला हंगामी कामगार घरी जातो, पण कारखान्याशी त्याचे नाते तुटत नाही. बिगरहंगामी काळासाठी त्याला रिटेन्शन भत्ता मिळतो आणि पुढच्या हंगामात कामावर त्याचा हक्क असतो. हे कुणी उदार होऊन दिलेले नाही, त्यासाठी संघटना लढल्या. (ऊसतोड मजुराला हेही नाही. त्याच्या वाट्याला फक्त उचल येते आणि ती फेडणे.) लीगचा खेळाडू हंगामी कामगारच आहे, फक्त त्याला तसे म्हणायला कुणी तयार नाही.

हे अशक्य आहे असे वाटणाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीकडे पाहावे. वरच्या लीगमध्ये १९५७ साली डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना बांधायला घेतली, तेव्हा मालकांनी त्याला शिकागोच्या संघाला देऊन टाकले. आपल्याकडे युनियन काढणाऱ्याची बदली करतात, त्यातलाच हा प्रकार. पण म्हणून प्रश्न मिटला नाही. १९६७ साली खालच्या लीगच्या खेळाडूंचीही संघटना झाली. छोट्या शहरांतून रात्री-अपरात्री बसने फिरणारे हे खेळाडू, त्यांच्या वतीने ती आजही मालकांशी सामूहिक करार करते. तळाच्या लीगमध्ये पगार आठवड्याला मिळतो, तोही हंगामापुरता. तरी राहायची जागा संघाने द्यायची असते.

आपल्याकडे वरची लीगही सुरक्षित नाही. फुटबॉल महासंघ आणि त्याचा व्यापारी भागीदार यांचा करार अडला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरू एफ.सी.ने पहिल्या संघातील खेळाडूंचा व कर्मचाऱ्यांचा पगार बेमुदत थांबवल्याचे जाहीर केले. दूरवाणीनगरच्या फाटकावर डिसेंबर २०२१ मध्ये ८० कंत्राटी कामगारांना आत घेणे बंद झाले आणि ते तिथेच धरणे धरून बसले, ते आपल्याला आठवत असेल. एकाच्या अंगावर खाकी कपडे, दुसऱ्याच्या अंगावर जर्सी. करार कधी संपवायचा, हे दोघांच्याही हातात नाही.

काही जण म्हणतील, लिलावात लाखोंनी विकल्या जाणाऱ्यांची चिंता युनियनने कशाला करावी? लिलावात नाव पुकारले जाणारे थोडे. चिंता उरलेल्यांची आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कामगाराच्या व्याख्येत पत्रकार आणि विक्री प्रतिनिधी यांचा स्पष्ट उल्लेख आहे, खेळाडूचा नाही. तो व्हावा, ही मागणी महासंघाने करावी. संपूर्ण हंगामाच्या मानधनाची बँक हमी दिल्याशिवाय पहिला सामना होऊ नये आणि दुखापत झाली तर पूर्ण बरे होईपर्यंत पैसे मिळावेत. याशिवाय रेल्वे, बँका व सार्वजनिक उद्योगांतील आपल्या संघटनांनी गेल्या दहा वर्षांत क्रीडा कोट्यातून किती जागा भरल्या आणि किती रिकाम्या ठेवल्या, याचा हिशेब आपापल्या व्यवस्थापनाकडे लेखी मागावा.