खुले तळे आणि आपली मुले

१९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेईपर्यंत आपला समाज त्या तळ्यापासून दूरच होता. इतिहास शिकवताना आम्ही दरवर्षी सांगतो : कागदावर खुले होणे वेगळे आणि हाती येणे वेगळे.

आज असेच एक तळे संगणकाच्या क्षेत्रात खुले आहे. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या नेहा नारखेडे यांनी जे क्रेप्स व जुन राव यांच्यासह लिंक्डइनमध्ये ‘काफ्का’ ही प्रणाली उभारली. एका प्रोग्रामचे संदेश दुसऱ्यापर्यंत पोचेतो क्रमाने जपून ठेवणे, हे तिचे काम. २०११ साली ती मुक्त स्रोत म्हणून सर्वांसाठी खुली झाली. तिची संहिता जालना जिल्ह्यातला विद्यार्थीही विनामूल्य वाचू शकतो. परंतु आपली किती मुले तिथवर पोचतात? संगणकाचे प्रमाणपत्र मिळाले की बहुतेक जण माहिती भरण्याच्या कामावरच थांबतात.

“हे अभियंत्यांचे काम, त्याला उत्तम इंग्रजी हवे,” असे पालक म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. काफ्का जावा आणि स्काला या भाषांत लिहिलेली आहे. पण पायथन, सी किंवा गो भाषेतले प्रोग्रामही तिच्याशी संदेशांची देवघेव करतात. यांपैकी एक भाषा पक्की आली की वाट मोकळी होते.

दुसरी धास्ती थ्रेडची. एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारे कामाचे प्रवाह म्हणजे थ्रेड. काफ्काच्या जावा प्रणालीत संदेश पाठविणारा घटक अनेक थ्रेडना मिळून वापरता येतो. संदेश घेणारा घटक मात्र एका वेळी एकाच थ्रेडच्या हाती असावा लागतो. कुठवर वाचून झाले याची नोंद तो ठेवतो. दोघांनी ती एकदम बदलली तर संदेश निसटेल किंवा दोनदा घेतला जाईल. म्हणून काम वाढले की रांगेचे भाग पाडून प्रत्येक भागाला स्वतंत्र वाचक नेमतात. भोजनगृहात वाढणारे चौघे असले तरी एका हजेरीवहीवर खूण करणारा एकच हवा, हे आपल्या आठवीच्या मुलालाही ठाऊक आहे. मग हेच तत्त्व त्याला मराठीतून का समजू नये? तथागतांनी तर धम्मही लोकांच्या बोलीत सांगण्याची अनुज्ञा भिक्खूंना दिली होती.

म्हणून पुण्या-मुंबईत या क्षेत्रात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे आहे : शाळेला देणगी हवीच, पण महिन्यातला एक रविवारही द्या. आठवी-नववीच्या मुलामुलींना, मुलींना विशेषेकरून, आपल्या भाषेत शिकवा. तळे खुले आहे. पाण्यापर्यंत मुलांना नेणे हे आपले काम आहे.

जय भीम!