न्यायासनाचा मान, पिंजऱ्याची धास्ती

१७ जुलै १९९८ रोजी रोममध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार मंजूर झाला. १२० देश बाजूने, ७ विरोधात आणि २१ तटस्थ. त्या तटस्थांत भारत होता, आणि तो आजही बाहेरच आहे. त्या न्यायालयाच्या १८ न्यायाधीशांसाठी नावे फक्त सदस्य देश सुचवू शकतात आणि उमेदवारही सदस्य देशाचाच नागरिक लागतो. म्हणजे आपला कायदेपंडित कितीही मोठा असो, त्याचा अर्ज दारातच अडतो.

आपले आक्षेप पोकळ नव्हते. सुरक्षा परिषदेतले बडे स्वतः कराराबाहेर राहून इतरांवर खटले धाडणार, आणि अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत नाहीच! पण १९४६ साली, इंग्रजी अंमल असतानाही, टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणात भारताने आग्रहाने जागा मागून घेतली होती. सनदेतले ९ न्यायाधीश त्यासाठी ११ झाले; दुसरी वाढीव जागा फिलिपिन्सची. कलकत्त्याचे राधाबिनोद पाल पोहोचले तेव्हा खटला सुरूही झाला होता. सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारे त्यांचे भिन्नमत अनेकांना आजही पटत नाही. पण जपानी सैन्याचे अत्याचार त्यांनी नाकारले नव्हते. जेत्यांनीच जितांचा न्याय करावा, हे त्यांना मान्य नव्हते.

पाल निकालपत्र लिहीत होते, त्याच १९४८ साली हैदराबादच्या काचीगुड्यात ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा रात्री रस्त्यात खून झाला. मारेकऱ्यांनी त्यांचा हातही तोडला. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी पुढे खटल्याला सामोरा गेला, तुरुंगात गेला. पण हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईनंतर जे मुसलमान मारले गेले, त्यांचे काय? भारत सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने तो आकडा २७ ते ४० हजार धरला. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्ग्याला. हैदराबादेतल्या कितीतरी मराठी घरांचे गणगोत त्याच गावांतले. तो अहवाल दशकानुदशके कपाटात राहिला. १७ सप्टेंबरच्या मुक्तिदिनाच्या भाषणांत रझाकार हमखास येतात, सुंदरलाल क्वचितच. पालांचा प्रश्न आपल्या दारात आला, तेव्हा आपण कानाडोळा केला.

आज सदस्य झालो, तरी ती प्रकरणे हेगच्या या फौजदारी न्यायालयात जाणार नाहीत. त्या न्यायालयाची हद्द १ जुलै २००२ पासूनच्या गुन्ह्यांपुरती आहे. धास्ती असलीच, तर ती अलीकडच्याची आणि पुढच्याची. ती कसली, हे सरकारने संसदेत सांगावे.