एका इंचानं काय होतंय?

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीचा वाढदिवस होता. आम्ही सहा जण पुणे-नाशिक हायवेवरच्या एका कॅफेत बसलो. टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, हे आधीच ठरलेलं. मेन्यूकार्डवर दोनच साइझ होत्या. आठ इंची पिझ्झा १८० रुपये, बारा इंची ३४० रुपये. आमच्यातला एक जण चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला अप्रेंटिस आहे. दिवसभर हातात व्हर्नियर घेऊन मायक्रॉनमध्ये मोजमाप करतो. त्यानं लगेच निकाल दिला, "दोन आठ इंची घेऊ. आठ आणि आठ सोळा. वीस रुपये जास्त जातील, पण चार इंच जास्त मिळतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. प्रत्येकी ६० रुपये काढले, खाल्लं, फोटो काढले आणि निघालो. निघाल्यावर दोघांनी शेजारच्या गाडीवर वडापाव घेतला, कारण पोट भरलंच नव्हतं.

रात्री रूमवर आल्यावर मला राहवेना. मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडला. आठ इंची पिझ्झा म्हणजे व्यास आठ, त्रिज्या चार. पाय आर वर्ग केलं की क्षेत्रफळ साधारण ५० चौरस इंच. दोन घेतले म्हणजे १००. आता बारा इंची. त्रिज्या सहा, सहाचा वर्ग ३६, क्षेत्रफळ ११३ चौरस इंच. म्हणजे आम्ही वीस रुपये जास्त देऊन तेरा-एक चौरस इंच कमी खाल्लं होतं. दहावीत गणितात चांगले मार्क मिळवलेले सहा जण आम्ही, आणि सहाच्या सहा गंडलो. बरं, कॅफेवाल्यानं फसवलं असंही नाही. त्यानं इंच आणि रुपये दोन्ही छापले होते. फसवलं ते आमच्याच डोळ्यांनी.

पाय विसरा, वर्ग करा

तुम्हाला वाटेल, आता हॉटेलात बसून २२ भागिले ७ कोण करणार? करूच नका. दोन गोल वस्तूंची तुलना करायची असेल, तर पाय दोन्हीकडे असतो आणि कटतो. राहतो फक्त व्यासाचा वर्ग. आठ आठे चौसष्ट. दोन पिझ्झे म्हणजे १२८. बारा बारे एकशे चव्वेचाळीस. संपला हिशोब. किमतीला या आकड्यानं भागलं की दर निघतो. १८० भागिले ६४ म्हणजे २.८१, आणि ३४० भागिले १४४ म्हणजे २.३६. छोटा पिझ्झा जवळजवळ १९ टक्क्यांनी महाग पडला.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवा. सात इंचाचा वर्ग ४९, दहाचा १००. म्हणजे सातवरून दहा इंचांवर गेलात की खाणं दुप्पट होतं. तीनच इंच वाढतात, पण पिझ्झा दोन पिझ्झ्यांएवढा होतो. दहा इंचीची किंमत सात इंचीच्या दुपटीपेक्षा कमी असेल, तर मोठा स्वस्त. जास्त असेल, तर छोटे दोन घ्या. यासाठी कॅल्क्युलेटरचीही गरज नाही.

आणि कडा? पिझ्झ्याची कडेची एक इंच कोरडी पट्टी सोडली, तर आठ इंचीमध्ये चीज आणि भाज्यांचा भाग उरतो सहा इंचांचा. ३६ भागिले ६४, म्हणजे ५६ टक्के. बारा इंचीमध्ये तोच भाग दहा इंचांचा. १०० भागिले १४४, म्हणजे ६९ टक्के. थोडक्यात, छोट्या पिझ्झ्यात तुम्ही पैसे मोजता चीजचे आणि खाता पाव.

हे फक्त पिझ्झ्यापुरतं नाही. उत्तपा, डोसा, थालीपीठ, भाकरी, आपलं निम्मं खाणं गोलच आहे. थालीपिठाच्या मधल्या भोकाची काळजी करू नका. सात इंची थालीपिठात अर्ध्या इंचाचं भोक म्हणजे अर्धा टक्काच जातो. पण तीन इंची मेदूवड्यात एक इंचाचं भोक असेल, तर वरून बघताना नववा हिस्सा गायब असतो. आणि बटाटेवडा किंवा लाडू असेल, तर वर्गावर थांबू नका, घन करा. पाच सेंटिमीटरचा वडा १२५, सहा सेंटिमीटरचा २१६. एका सेंटिमीटरनं वडा पावणेदोन पट झाला! दोन रुपये जास्त घेणाऱ्या गाडीवर गर्दी का असते, ते आता कळलं असेल.

लीलावतीला माहीत होतं

हा हिशोब काही नवा नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त वर्तुळाच्या क्षेत्रफळाची रीत आहे. परिघाला व्यासाच्या चौथ्या हिश्शानं गुणा. पायसाठी त्यांनी दोन आकडे दिलेत. सूक्ष्म हिशोबाला ३९२७ भागिले १२५०, आणि रोजच्या व्यवहाराला २२ भागिले ७. म्हणजे बाजारात किती बारीक जायचं आणि कुठं थांबायचं, हेही त्यांनी सांगून ठेवलंय. त्याच ग्रंथात एक मस्त गणित आहे. एका द्रम्माला ३०० आंबे मिळतात आणि एका पणाला ३० डाळिंबं, तर दहा आंब्यांच्या बदल्यात डाळिंबं किती? सोळा पणांचा एक द्रम्म धरला की उत्तर येतं सोळा. हे दुसरं काय आहे? व्हॅल्यू फॉर मनीच की. आपल्याच राज्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथं भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, १२०७ चा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला होता, त्याची त्यात नोंद आहे. आठशे वर्षांपूर्वी लोक हे शिकायला मठात जात होते. आपण दहावीत शिकलो, खुंटीला बांधलेल्या शेळीनं किती गवत खाल्लं ते काढलं, आणि पेपर दिल्यावर विसरून गेलो. शेळीनं किती खाल्लं हे आपल्याला काढता येतं, आपण किती खाल्लं ते नाही.

मग आम्ही मेसकडे वळलो

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पुढचं सांगताना मला थोडं अवघडतंय, पण सांगते.

माझं गाव वाड्याच्या पुढं, भीमाशंकर रोडला. राजगुरुनगरला मी कॉट बेसिसवर राहते आणि आम्ही चौघी एका मावशींच्या मेसचा डबा खातो. डब्यात चार चपात्या, भाजी, आमटी, भात. पिझ्झ्याचा हिशोब कळल्यावर माझ्या अंगात वारंच शिरलं. दिसेल ती गोल वस्तू मोजायला लागले. चपाती मोजली, सात इंच. गेल्या वर्षी डब्याचा एक फोटो काढला होता. डबा तोच आहे, त्यावरून अंदाज काढला, तर तेव्हाची चपाती आठ इंचांची होती. एकच इंच! पण ६४ चे झाले ४९. म्हणजे जवळजवळ पाव भाग गेला. चार चपात्या मोजून मिळतात, पण खरं तर तीनच मिळतात.

आम्ही चौघी मावशींकडे गेलो. मोबाइलवर आकडे तयार. मी पत्रकारितेची विद्यार्थिनी, त्यामुळे आवाजही जरा जास्तच चढला असेल. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरींनो, तुमचं ते पाय-बिय मला कळत नाही. पण किलोभर कणकेत आधी तीस चपात्या व्हायच्या, आता एकोणचाळीस होतात. एवढंच सांगायचंय ना तुम्हाला?"

मी तिथंच कॅल्क्युलेटरवर केलं. ३० गुणिले ६४ भागिले ४९. उत्तर आलं ३९.

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. आम्हाला इंच मोजून जे कळलं, ते त्यांना रोज पहाटे परातीत कळत होतं. मग लहान का केली? "गॅस वाढला, तेल वाढलं. डब्याचे पैसे वाढवले असते, तर निम्मी पोरं सुटली असती. कंपनीतली पोरं तर महिन्याच्या वीस तारखेनंतर उधारीवरच असतात. पैसे वाढलेले लगेच दिसतात बाळा, चपाती लहान झालेली दिसत नाही."

हे वाक्य मला तेव्हापासून सोडत नाहीये. मोठ्या कंपन्या बिस्किटाच्या पुड्यातलं वजन कमी करून किंमत तीच ठेवतात, तेव्हा नेमकं हेच करतात. फरक एवढाच की मावशींच्या मागे मार्केटिंग डिपार्टमेंट नाही. आणि आम्ही मोजपट्टी घेऊन पहिल्यांदा गेलो ते त्यांच्याकडे. त्या कॅफेवाल्याला आम्ही एक शब्द विचारला नव्हता. तिथं एसी होता, इंग्रजीत मेन्यू होता, विचारायला लाज वाटली. इथं मावशी होत्या, म्हणून तोंड सुटलं. खरं सांगा, तुम्हीही असंच करता ना? भाजीवालीशी पाच रुपयांसाठी हुज्जत, आणि मॉलमध्ये गप कार्ड स्वाइप.

शेवटी काय झालं? आम्ही महिन्याला दोनशे रुपये वाढवून देऊ म्हणालो, आणि डब्यात पाचवी चपाती आली. पाच गुणिले ४९ म्हणजे २४५. जुनं चार गुणिले ६४ म्हणजे २५६. अकरा कमी पडतात, ते आम्ही सोडून दिले. पण आता आम्हाला माहितीये आपण किती देतो आणि किती घेतो, आणि मावशींनाही काही लपवावं लागत नाही. ज्यांना दोनशे जड जातात, त्यांना चार चपात्यांचा डबा जुन्याच पैशात चालू आहे.

मोजा, पण मोजायचं कुणाला ते आधी ठरवा

म्हणून माझं म्हणणं दोन बाजूंनी आहे.

एक, गोल खाणं विकणाऱ्यांनी साइझ लपवू नये. पाकीटबंद मालाचे नियम आता बरे आहेत. २०११ च्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि एमआरपीसोबत एका ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती पडतात, हेही छापणं आलं. पुढच्या वेळी किराणा घेताना पाकिटाच्या मागे बघा, बारीक अक्षरात दर असतो. पण कॅफेत गेलात की स्मॉल, मीडियम, लार्ज. किती इंच? किती ग्रॅम? कुणास ठाऊक. चाकणच्या बाजारात गोणी मोठी दिसते म्हणून कुणी कांदा घेत नाही, काट्यावर घालूनच घेतात. आपल्या घरच्यांचा माल किलोकिलोनं तोलला जातो आणि त्यातून आलेले पैसे आपण 'मीडियम' नावाच्या अंदाजावर घालवतो. मेन्यूवर साइझच्या पुढं इंच लिहायला किती शाई लागते? आपण गिऱ्हाईक आहोत, 'किती इंचाचा आहे?' एवढं विचारायचा आपल्याला हक्क आहे. दहा जणांनी विचारलं, की अकराव्याच्या वेळी ते छापलेलं असेल.

दोन, हिशोब येतो म्हणून तो सगळीकडे सारखाच उगारू नका. काही जण म्हणतील, मोजत बसलं की खाण्याची मजा जाते. मला पटत नाही. मजा जाते ती अर्धवट पोटानं उठल्यावर. पण हेही खरं की क्षेत्रफळात चव मोजता येत नाही, जाडी मोजता येत नाही, आणि दोघांनीच बारा इंची घेऊन निम्मा टाकला तर तो स्वस्त नाही, महागच पडला. वर्ग करणं सोपं आहे. तो करून झाल्यावर समोरच्यानं हे नफ्यासाठी केलंय की नाइलाजानं, हे विचारायला मात्र थांबावं लागतं. आम्ही थांबलो नव्हतो, मावशींनी थांबवलं.

परवा पुन्हा तोच ग्रुप, तोच कॅफे. आमचा अप्रेंटिस मित्र मेन्यू न उघडताच म्हणाला, "बारा इंची. १४४." आणि मग वेटरला विचारलं, "दादा, लार्ज गार्लिक ब्रेड नेमका केवढा असतो?" वेटरनं आधी आमच्याकडे बघितलं, मग दोन्ही हात पसरून दाखवले.

आता त्या हातांमधलं अंतर मोजायला त्याच्याकडे व्हर्नियर नव्हता, एवढंच.